वहिनीला चक्कर आली तेव्हा

आमच्या घरात चक्कर हा आजार धरत नसत. ताप आला, हाड मोडलं, विंचू चावला की दवाखाना. रक्त दिसलं की दवाखाना. चक्कर आली तर माय एवढंच विचारायची, "सकाळी काय खाल्लंस?" काही खाल्लं नसेल तर ती भूक, खाल्लं असेल तर पित्त. उन्हातून आलेल्याला उष्णता, आणि तिन्हीसांजेला भोवळ आली तर नजर. कांदा फोडून नाकाशी धरायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि भिंतीला टेकवून बसवायचं. वडील शेवटच्या वर्षी चालताना भिंत धरून चालायचे, तरी त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. त्यांनाही जायचं नव्हतं. "जरा गरगरतंय, बसेल," म्हणायचे. बसलं नाही. ते गेले, पण ते चक्करनं गेले असं आमच्यात कुणी म्हणत नाही. वय झालं होतं, असं म्हणतात.

मी ही तक्रार करत नाही. आम्ही परभणीकडची शेतकरी माणसं. निजामाच्या राज्यात वडील शिपायाच्या नोकरीवर हैदराबादेत आले आणि चिक्कडपल्लीच्या एका गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिले. दादा उर्दूतून मॅट्रिक झाला आणि सरकारी दफ्तरात कारकून म्हणून लागला. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही छाती पुढं काढून सांगते, त्यात मला संकोच वाटत नाही. पण मी कॉलेजात गेले ती वहिनीच्या जिवावर. सकाळचं पाणी तिनं भरायचं, भाकऱ्या तिनं थापायच्या, धुणं तिनं धुवायचं, आणि मी वेणी घालून कोठी भागातल्या माझ्या कॉलेजची वाट धरायची. मी लाजेकाजेनं म्हटलं, "आज मी भांडी घासते," तर म्हणायची, "वन्सं, तुमच्या पुस्तकात भांडी कशी घासायची ते दिलंय का? नाही ना? मग व्हा तिकडं. तुम्ही घासलेलं पातेलं मला पुन्हा घासावं लागतं."

वहिनी नांदेडच्या बाजूची. लग्न होऊन आली तेव्हा मी परकरात होते. उंच, सावळी, हसताना हात तोंडावर न धरणारी. मायला ते हसणं आवडायचं नाही, पण वहिनी हसायला लागली की मायही हसायची आणि मग स्वतःवरच चिडायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. माय तिला त्यावरून कधी वाकडं बोलली नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण नळावर कुणी विचारलं, "सून अजून मोकळीच का?" की माय घरात येऊन डब्यांची झाकणं आपटायची. वहिनीला ते कळायचं. झाकणं आपटली की ती दुप्पट काम काढायची.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावाकडं आमच्या बायका महिन्याचे चार दिवस बाहेर बसत नसत. चार दिवस बसून राहिल्या तर शेत कोण निंदणार? देवाला हात लावायचा नाही, एवढंच. पण चिक्कडपल्लीत आमच्या दोन्ही बाजूंना सोवळं पाळणारी घरं होती आणि मायला त्यांच्यापेक्षा कमी दिसायचं नव्हतं. वडिलांना सरकारी डगला मिळाला तसं मायनं हे सोवळं घेतलं. आमच्या घरात बाई बाहेर बसली की मागच्या अंगणातल्या पडवीत बसायची. तिला ताट लांबून सरकवायचं आणि पाणी वरून ओतायचं. त्यामुळं कुणाचे दिवस कधी असतात ते घरात सगळ्यांना माहीत असायचं, आणि पडवी अंगणातच असल्यामुळं नळावरच्या बायकांनाही. वहिनी दर महिन्याला पडवीत दिसायची आणि दर महिन्याला झाकणं वाजायची.

पहिली चक्कर तिला नळावर आली. घागर डोक्यावर घेताना ती वाकडी झाली आणि घागरीसकट खाली बसली. आमची घरमालकीण समोरच राहायची, तेलुगू बाई, तिला सगळे अम्मा म्हणायचे. तिनं वहिनीला काखेत धरून आमच्या दारात आणलं. माय कांदा घेऊन धावली, आणि कांदा हातात तसाच धरून मध्येच थांबली.

"या खेपेला तू पडवीत बसली नाहीस गं अजून."

वहिनीनं खाली पाहिलं.

"वर दिवस गेलेत ना?"

"गेलेत आत्याबाई, पण माझं असं मागं-पुढं होतं कधी कधी..."

पुढचं मायनं ऐकलंच नाही. तिनं कांदा टोपलीत टाकला, वहिनीचं तोंड पदरानं पुसलं आणि देवापुढं जाऊन उगीच निरांजनातली वात पुढं केली. संध्याकाळी दादा दफ्तरातून आला तर मायनं त्याच्यापुढं वाटीत गूळ ठेवला.

"कसला गूळ?"

"खा म्हणते ना."

दादाला कळायला चहाचा अर्धा कप लागला. मग तो कान लाल करून पडवीत जाऊन उभा राहिला. वहिनी आतून ओरडली, "अहो, पडवीत काय करता? तुमची पाळी आहे का?" आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की अम्मा पुन्हा दारात आली.

मायचा नियम असा की तीन महिने कुणाला सांगायचं नाही. दवाखान्यात तर जायचंच नाही, तिथं शंभर बायकांच्या शंभर नजरा. आमच्यातल्या कुठल्याच बाईला डॉक्टरनं सांगितलं नव्हतं की तुला दिवस गेलेत. ते चक्करनं सांगायचं. चक्कर आली हीच बातमी, मग डॉक्टरला काय विचारायचं? गल्लीला अर्थात संध्याकाळपर्यंत कळलं होतं.

त्यानंतर वहिनीची चक्कर ही घरातली लाडकी गोष्ट झाली. उठताना तिला गरगरलं की माय हाताला धरायची आणि कौतुकानं म्हणायची, "पोरगा दिसतोय, लई दमवतोय." तिचा सावळा रंग उतरायला लागला. गाल पांढरट पडले, नखं फिकट झाली. नळावरच्या बायका म्हणाल्या, तेज आलंय. ती खापराचा तुकडा चघळायला लागली, मग कच्चे तांदूळ, मग माझ्या जुन्या पाटीवरच्या पेन्सिली. कोठीहून येताना मी तिच्यासाठी मूठभर पेन्सिली घेऊन यायची. "वन्सं, विद्या अशी खातात बरं का, कॉलेजात जाऊन नाही," म्हणत ती त्या कुडूम कुडूम खायची. माय म्हणाली, डोहाळे. पायऱ्या चढताना तिला धाप लागायची. पायावर सूज यायची. तिसरा महिना लागला तसं मायनं कुणाला न दाखवता तिला चोरचोळी केली. आणि मग पोटही दिसायला लागलं. बारीक, बेंबीखाली गोल. मायनं त्यावरून हात फिरवला तेव्हा मी तिथंच होते. मायच्या चेहऱ्यावर तसा उजेड मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

सांगा, यात दवाखान्यात जाण्यासारखं काय होतं? चक्कर होती, पण तिचं कारण आम्हाला माहीत होतं. ज्याचं कारण माहीत असतं त्यासाठी माणूस डॉक्टरकडे जात नाही. मी पुढं पुष्कळ शिकले, पुष्कळ माणसं पाहिली, सगळीकडं हेच पाहिलं. चक्कर येणारा माणूस पहिल्यांदा कारण शोधतो, आणि सापडलं की डॉक्टरला विसरतो. आमचं कारण तर आनंदाचं होतं.

त्या काळात माझेही चार दिवस यायचे. मी पडवीत बसले की वहिनी ताट सरकवायची आणि उंबऱ्याशी बसून माझ्याशी बोलायची. "तुमचं बरंय वन्सं, बसून खायला मिळतं." एकदा ती फार वेळ तिथं बसून राहिली, भिंतीला डोकं टेकवून. मी विचारलं, "काय झालं?" "काही नाही. बसावंसं वाटलं तुमच्याजवळ." मी पुस्तकात डोकं घातलं. आमच्या परीक्षा जवळ आल्या होत्या.

त्या वर्षी सगळं शहरच वाटणीत निघालं होतं. हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं होतं. तेलुगू जिल्हे आंध्राला, कानडी म्हैसूरला आणि आमचा मराठवाडा मुंबईला. दफ्तरातल्या माणसांचीही तशीच वाटणी. टेबलाला टेबल लावून वर्षानुवर्षं बसलेले लोक एकमेकांना विचारत, "तुमकू किधर डाल रै?" दादाला औरंगाबाद मिळालं. मायनं आधी डोळ्यांना पदर लावला, मग म्हणाली, बरं झालं, बाळंतपणाला तिचं माहेर जवळ पडेल. मग तिच्या लक्षात आलं की औरंगाबादेत आपल्या ओळखीचं काळं कुत्रं नाही. सुनेचं डोहाळजेवण तिथं केलं तर ओटी कोण भरणार? ज्यांनी नळावर विचारलं होतं त्यांच्यासमोरच व्हायला हवं. "जायच्या आधी इथंच करू. सगळ्या गल्लीला बोलावू." अम्माच्या अंगणात झोपाळा बांधायचं ठरलं. माय घरोघरी जाऊन आमंत्रणं देऊन आली. आल्यावर तिचे पाय दुखत होते आणि तोंड थांबत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले होते. दादा दफ्तरात गेला होता, माय फुलांचं सांगायला बाजारात. वहिनी चुलीपुढून उठली, भिंत धरून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "वन्सं, आज कॉलेज नको. मला दवाखान्यात न्या."

"दुखतंय का काही?"

"दुखत नाही."

"मग? चक्कर?"

"चक्कर तर रोजचीच आहे. तिच्यासाठी कोण जातंय." ती उंबऱ्यावर बसली. "माझ्या पोटात काही आहे का, ते कुणाला तरी विचारायचंय मला. उद्या त्या पाच सवाष्णी माझी ओटी भरतील. खोटी ओटी भरून घेतली तर खरी कधी भरायची नाही माझी."

मला काहीच कळेना. मग तिनं सांगितलं. मला ते शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण तिनं ते माझ्याकडं न बघता, अंगणातल्या पडवीकडं बघून सांगितले.

त्या पहिल्या चक्करनंतर थोड्याच दिवसांत तिला आलं होतं. नेहमीसारखं नाही, धो धो. तिला वाटलं, गर्भ पडला. मायला सांगायला ती उठली. माय देवापुढं बसून बाळाची दुपटी शिवत होती. "मला उंबरा ओलांडवेना हो, वन्सं. म्हटलं उद्या सांगू." उद्या माय गावाकडचं तूप घेऊन आली. पुढच्या महिन्यात पुन्हा आलं, आठ-आठ दिवस थांबेना. पण तिकडं पोट तर वाढत होतं. मग तिला वाटलं, असेलही आत. एखादीला जात असेल असं अंगावरून, आणि तरी राहत असेल. कुणाला विचारणार? विचारायचं तर पडवीत बसावं लागलं असतं. ती आमच्यात वावरत राहिली. सगळे उठायच्या आधी न्हाणीत धडपे धुवायचे, अम्माच्या गोठ्यामागं वाळवायचे, आणि परत येऊन आमच्या भाकऱ्या थापायच्या. मी पडवीत बसून तिच्या हातचं जेवत होते तेव्हा तीही त्यातच होती.

रक्त दिसलं की दवाखाना, हा आमचा नियम. पण बाईचं हे रक्त आमच्यात रक्तात धरत नसत. ते दिसू द्यायचं नसतं.

मी रिक्षा आणली. कोठीवरून जाताना रस्त्यावर इतकी गर्दी की रिक्षा मुंगीसारखी चालली होती. वहिनीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. पुस्तकांची दुकानं दिसली तशी म्हणाली, "इथूनच आणता ना पेन्सिली?" मी हो म्हटलं. "चांगल्या असायच्या."

बायकांच्या सरकारी दवाखान्यात एक उतारवयाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी वहिनीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि हातातली लेखणी ठेवून दिली.

"कब से चक्कर आरे?"

"चक्कर तो सबकूच आते ना बाई," वहिनी म्हणाली. "उसके वास्ते कौन आता दवाखाना?"

"फिर कायकू आए?"

वहिनीनं पोटावर हात ठेवला. "ये क्या है, बोलो."

त्यांनी तिला पडद्यामागं नेलं. मी बाहेर उभी. बराच वेळ गेला. मग पडद्यामागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, फार हळू, लहान मुलाशी बोलावं तसा. "बच्चा नहीं है, बेटी. गाँठ है."  वहिनीचं एवढंच आलं, "अच्छा."

बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या की गाठ साधी आहे, ती काढता येते, पुष्कळ बायकांची काढतात. पण अंगात रक्तच उरलेलं नाही. आत्ता कापलं तर टेबलावर जाईल. आधी रक्त द्यायचं, थोडी उभी राहू द्यायची, मग कापायचं. घरच्यांना घेऊन या. "घर में कोई देखे नहीं इसकू? कागद के जैसी हो गई."

देखे थे, असं मला म्हणायचं होतं. रोज पाहत होतो. कौतुकानं पाहत होतो.

मायला सांगणं माझ्याकडं आलं. ती झोपाळ्याच्या दोरीला फुलं गुंफत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर मला सांगवलं नसतं. मायनं ऐकलं. तिचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे चार महिने ती तशीच माझ्या देवांना शिवत होती?"

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही. दादा मध्ये पडला नाही, तो चपला घालून सरळ दवाखान्याकडं निघाला. मायनं हातातली माळ खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग उठून चुलीवर मऊ भात टाकला.

दादानं रक्त दिलं. त्याच्या दंडातून काढलेलं वहिनीच्या हातात सोडलं तेव्हा दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांना किंचित रंग आला. ती उशीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "आता बघा मजा. आता हे माझ्यावर डाफरले तर अर्धं डाफरणं ह्यांनाच लागणार." दादा कॉटशी उभा होता. त्याला हसताही येईना आणि रडताही. तो नुसता तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करत राहिला.

माय मऊ भात घेऊन आली तेव्हा वहिनी उठायला लागली. "आत्याबाई, मी देवघरात..."

"गप," माय म्हणाली. "खा."

"मी विटाळ कालवला हो सगळीकडं."

"खा म्हणते ना."

आणि मायनं घास करून तिच्या तोंडात घातला. दवाखान्यात, इतक्या बायकांसमोर, त्या दिवसांत असलेल्या सुनेला माझी माय हातानं भरवत होती. आमच्या गल्लीतल्या कुणी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. 

मला खरोखर वाटलं की आता निभावलं. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, अजून एकदा रक्त देऊ, मग काढू. वहिनीनं मला कॉलेजात जायला सांगितलं. "परीक्षा द्या. नापास झालात तर गल्ली म्हणेल, भावजयीच्या आजारपणाचं निमित्त केलं." मी परीक्षेला गेले. पेपर लिहिला, बराही गेला. दुपारी तिथून तशीच दवाखान्यात आले तर तिच्या कॉटभोवती पडदा होता आणि बाहेर बाकावर माय बसली होती, रिकामी वाटी मांडीवर घेऊन.

पुन्हा सुटलं होतं, थांबलंच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळीज थकलं होतं, इतके महिने पाण्यासारख्या रक्तावर चालत होतं. दादाचा दंड पुन्हा बांधला होता, पण ती सुई त्याच्या हातात शिरायच्या आत इकडं संपलं होतं. तो बाही वर केलेल्या हातानं उभा होता. ती बाही खाली करायचंही कुणी त्याला सांगितलं नाही.

तिला घरी आणलं. अंगणात सगळी गल्ली जमली. त्यात आमंत्रण दिलेल्या बायकाही होत्या, आणि डोहाळजेवण का राहिलं ते त्यांना धड माहीत नव्हतं. आजारी आहे, दवाखान्यात आहे, एवढंच मायनं सांगितलं होतं. पांढऱ्या चादरीखाली पोट दिसत होतं. बायका कुजबुजल्या. "पोटुशी गेली गं." "दोन जीव गेले." एक काकू सगळ्यांत थोरल्या, गल्लीतलं बरंवाईट त्याच करायच्या. त्यांनी घरी माणूस पाठवून वाटीभर मोहऱ्या मागवल्या.

त्या मोहऱ्या कशासाठी ते मला माहीत होतं. गर्भार बाई मेली तर तिची वासना मुलात अडकते, ती परत येते, असं मानतात. म्हणून तिला उचलल्यावर दारापासून मसणवटीपर्यंत मोहऱ्या पेरत जायच्या. परत यायचं तर तिला एकेक दाणा वेचावा लागतो, आणि तेवढ्यात उजाडतं. उंबऱ्यात खिळाही ठोकतात. मी कॉलेजात शिकणारी मुलगी, माझा यावर विश्वास नव्हता. पण जिनं या दाराशी इतकी वर्षं पाणी भरलं तिला दाराबाहेर ठेवायची तयारी चालली होती.

काकू दाराशी आल्या, वाटीत हात घातला. आणि माय उठली.

मायला गप्प बसता आलं असतं. वांझ नव्हती हिची सून, पोटुशी गेली, असं गल्लीनं म्हटलं असतं. झाकणं आपटायची वेळ पुन्हा कधी आली नसती. पुढच्या महिन्यात आम्ही हे गाव सोडूनच चाललो होतो, कुणी कशाला विचारतंय. हे सगळं मायला त्या क्षणी सुचलं असेल. मला सुचलं होतं.

"काकू, ते ठेवा," माय म्हणाली.

"अगं, रीत आहे. पोटुशी बाई..."

"पोटुशी नव्हती ती." मायचा आवाज नळावर भांडताना असायचा तसा मोठा होता. पुरुषमाणसंही ऐकत होती, दादा ऐकत होता. "तिला अंगावरून जात होतं. चार महिने जात होतं. ती गाठ आहे पोटात, लेकरू नाही. चक्कर आली तेव्हा मी म्हटलं दिवस गेले. तिला विचारलं नाही. दवाखान्यात नेलं नाही. तिची तीच गेली दवाखान्यात, मेल्यासारखी होऊन."

 काकूंनी हात वाटीतून काढला, पण वाटी खाली ठेवली नाही. त्या म्हणाल्या, "तरी पण बाई, तरणी गेलीय, मन अडकलेलं असणार. कशाला विषाची परीक्षा? आली परत म्हणजे?"

"आली तर येऊ दे," माय म्हणाली. "तिचं घर आहे."

मोहऱ्या पेरल्या नाहीत. खिळा ठोकला नाही.

दादाला औरंगाबादेत हजर व्हायचा हुकूम होता, तो काही थांबणार नव्हता. राज्य मोडलं, दफ्तरं मोडली, आमचंही घर उचललं. मी पुढच्या वर्षासाठी इथंच, कोठीकडं मुलींच्या वसतिगृहात राहणार होते. पुढं मी बी. ए. झाले. पदवी हातात आली त्या दिवशी ती दाखवायला मला एकच माणूस हवं होतं. पण ते नंतरचं.

निघायच्या दिवशी सामान टांग्यात चढलं. सिकंदराबादेहून गाडी होती आणि दादा घाई करत होता. माय रिकाम्या खोल्यांतून दोनदा फिरली. मग ती समोर अम्माच्या दारात गेली. मायला तेलुगू कधी नीट आलं नाही आणि अम्माला मराठी, दोघींचं बोलणं हैदराबादी उर्दूतच चालायचं.

"अम्मा," माय म्हणाली, "कोई बी आया तो बोलो, औरंगाबाद गये बोलके. पता बी याद रखो." आणि तिनं दादाचा नवा पत्ता तोंडी सांगितला, मोहल्ल्यासकट, खुणेच्या पिंपळासकट. अम्माकडून तो एकदा म्हणवून घेतला.

"सबकू तो मालूम है तुम जारे," अम्मा म्हणाली. "अब कौन आता?"

माय टांग्यात जाऊन बसली.